अर्धी दाढी

कंपनीनं वर सीमेवर चढायचा हुकूम आला तेव्हा मी सुट्टीवर होतो. धारूरच्या बाजारात बैलांसाठी दोरखंड बघत उभा होतो. फोनवर सुभेदार साहेब एवढंच बोलले, "तोंडे, कंपनी निघाली. चौथ्या दिवशी हजर." चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी ट्रान्झिट कॅम्पात हजर होतो.

माझं नाव माणिक तोंडे. हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव धारूरच्या घाटाखाली. लोक विचारतात, फौजेत कशात होता? मी सांगतो, इन्फन्ट्री, पायदळ. मग हमखास दुसरा प्रश्न येतो, "किती मारले?" ह्या प्रश्नानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का जाते, ते एकदा नीट सांगून टाकतो.

आमची पोस्ट नियंत्रण रेषेवर होती. खरं नाव लिहीत नाही. आम्ही तिला खळं म्हणायचो, कारण डोंगराच्या माथ्यावर खळ्याएवढीच सपाट जागा होती. समोर दरी. दरीपलीकडं त्यांची पोस्ट. अंतर चारशे वीस मीटर. आम्ही सत्तावीस जण. पहाटे पाचला स्टँड टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्च्यात उभं राहायचं. सातला चहा. आठला पाणी आणायची पार्टी खाली जायची. नंतर मोर्च्यांची दुरुस्ती, सफाई, ड्युटी. रोज तेच.

माझ्याकडं एक जादा काम होतं. मी एनबीसीचा कोर्स केलेला. अणुबॉम्ब, रोगजंतू आणि विषारी वायू, ह्या तिन्हीतून जवान जिवंत कसा राहील, त्याचं शिक्षण म्हणजे एनबीसी. दर मंगळवारी दहा वाजता माझं मास्क ड्रिल. "गॅस!" अशी आरोळी झाली की नऊ सेकंदांत मास्क तोंडावर बसला पाहिजे. पोरं मला मास्तर म्हणायची आणि माझ्या ड्रिलला शिव्या घालायची. इतक्या थंडीत रबराचा मास्क तोंडाला लावून पळायचं म्हटल्यावर कुणीही घालील.

ह्या मास्कचं एक असतं. त्याची रबरी कड चामडीला घट्ट चिकटावी लागते. मध्ये दाढीचे खुंट आले की फट राहते आणि वायू आत शिरतो. वर पोस्टवर एरवी दाढीला कुणी विचारत नाही, पण माझ्या मंगळवारी सगळ्यांची गुळगुळीत लागायची. आणि ती करायचा ज्ञानोबा.

लान्सनायक ज्ञानोबा लोखंडे. गाव नांदूरघाट. आमच्याच जिल्ह्याचा. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, त्यामुळं हा जन्मला तोच कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. बाप लवकर गेला, आईनं एकटीनं कोयता चालवून वाढवला. त्याच तळावर एका न्हाव्याजवळ बसून हा वस्तरा शिकला. हात इतका हलका की निम्मी दाढी होईपर्यंत माणूस पेंगायचा. लाइट मशीनगन त्याच्याकडं होती, एलएमजी. तोच हात एलएमजीवरही तसाच. ड्युटीवर मला हवालदार साहेब म्हणायचा. गालावर साबण लागला की थेट बे.

"बे मास्तर, खरं सांग. बाम पडल्यावर ह्ये रबर तोंडाला लावून काय व्हतंय बे?"

"बाम डोक्यावर पडला तर काही होत नाही. पाच कोसांवर पडला तर जगशील."

"अन् जगून काय करू? समदं जळून गेल्यावर ऊस तोडायला जाऊ का?"

"गप बस. बोलण्याच्या नादात गाल कापशील माझा. हात संभाळ."

असं आमचं चालायचं.

एका रविवारी कंपनी कमांडर मेजर साहेब वर आले. साहेब केरळचे, पण मराठी पलटणीत राहून मराठी शिकलेले, तीही पुस्तकातली. शिपायालाही तुम्ही म्हणत. त्यांनी आमचा क्लास घेतला. विषय, अण्वस्त्रांबद्दल आपल्या देशाचं धोरण काय. साहेब म्हणाले, "ही शस्त्रे आपण लढण्यासाठी ठेवलेली नाहीत. समोरच्याने वापरू नयेत म्हणून ठेवलेली आहेत. आपण प्रथम वापरणार नाही. पण आपल्यावर कोणी वापरली, तर उत्तर असे देऊ की त्याला सोसणार नाही. रासायनिक किंवा जैविक हल्ला झाला, तरी तो अधिकार आपण राखून ठेवला आहे."

ज्ञानोबानं हात वर केला. "साहेब, मंजे पयला मार आपून खायाचा?"

"हो."

"अन् मग मारायला उरायचं?"

"बरोबर. उत्तर देणारा उरला नाही, तर त्या धमकीला काही अर्थ नाही. तुम्ही उरावे म्हणून तर हवालदार तोंडे तुम्हाला मास्क शिकवतात."

ज्ञानोबा खाली बसता बसता माझ्याकडं बघून पुटपुटला, "घ्या. मास्तरची नोकरी पक्की." सगळे हसले. साहेबही हसले.

इथं एक गोष्ट मधेच सांगतो. परवा धारूरला सलूनमध्ये बसलो होतो. टीव्हीवर बॉर्डरच्या बातम्या चालू होत्या. शेजारच्या खुर्चीतला पांढऱ्या शर्टातला एकजण, तोंडाला फेस, म्हणतो, "एक बाम टाकायचा अन् विषय संपवायचा. भितात कावून सरकारवाले?" बाकीचे लगेच माना डोलवायला लागले. मी म्हटलं, "वारा कुठून वाहतो ते बघितलं का टाकायच्या आधी?" तो म्हणाला, "अण्णा, तुमी फौजी असून असं बोलता?" मी उठलो, अर्धवट दाढीनिशी बाहेर आलो. मला रागाचं वावडं नाही. माझ्या पोटात जेवढा राग आहे तेवढा त्या सलूनमधल्या सगळ्यांचा मिळून नसेल. पण त्यांचा राग फुकटचा आहे. दाढी होईपर्यंतचा.

आता त्या मंगळवारचं.

थंडी वाढली होती. दाढ्या आम्ही एरवी बंकरच्या आत, कंदिलाच्या उजेडात करायचो. त्या दिवशी रॉकेल कमी म्हणून कंदील बारीक होता आणि बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं. आठवडाभर समोरून एक गोळी आली नव्हती. दोन्हीकडच्या मोठ्या साहेबांची बोलणी ठरली होती, गोळीबार बंद होता. मी म्हटलं, "चल, बाहेर उन्हात करू."

ज्ञानोबा म्हणाला, "नगं मास्तर. आरसा चमकतोय भाईर."

"पाच मिनिटांचं काम. फायर बंद हाय. दहाला ड्रिल हाय माझं."

माझा हुकूम होता. तो बाहेर आला. दगडी आडोसा छातीएवढा उंच. मी पेटीवर बसलो, म्हणजे मी पूर्ण आडोशाच्या खाली. तो उभा. आरसा मी हातात धरलेला. डावी बाजू झाली. त्यानं वस्तरा पुसला, उजवीकडं आला, माझी हनुवटी वर केली. वेळ नऊ वाजून वीस मिनिटं.

गोळीचा आवाज नंतर आला. आधी तो माझ्या अंगावर पडला.

मी त्याला आत ओढला. मानेत लागली होती. काही बोलला नाही. बोलता येण्यासारखं राहिलंच नव्हतं. मी दुर्बीण उचलून समोर बघितलं. त्यांच्या डाव्या बंकरच्या मागून एकजण उठून उभा राहिला. उंच, एक खांदा पडलेला, डोक्याला मरून रंगाची लोकरीची टोपी. त्यानं ती टोपी काढली आणि आमच्याकडं बघून दोनदा हलवली. मग खाली बसला.

रेडिओवर मीच बोललो. अल्फा म्हणजे खालचं कंपनीचं ठाणं, चार्ली टू म्हणजे आमची पोस्ट. "अल्फा, धिस इज चार्ली टू. वन कॅज्युअल्टी. फेटल. फायर परमिशन मागतोय. ओव्हर."

"चार्ली टू, अल्फा. डू नॉट फायर. आय से अगेन, डू नॉट फायर. वेट. आउट."

फायर करायचा नाही. मी एलएमजीच्या मागं आडवा झालो होतो. ज्ञानोबाची एलएमजी. सुभेदार साहेबांनी माझ्या मनगटावर पाय ठेवला आणि उचलला नाही. जोरात नाही, पण ठेवला. दुपारी ज्ञानोबाला खाली नेला. माझ्या उजव्या गालावरचा साबण वाळून त्याचे पापुद्रे निघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी दाढी अर्धीच झालीय.

दुसऱ्या दिवशी मेजर साहेब वर आले. मी म्हटलं, "साहेब, चार माणसं द्या. त्या एकाला घेऊन येतो. बाकी कुणाला हात लावत नाही."

"नाही देऊ शकत, तोंडे."

"कावून साहेब?" माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली.

"तुम्ही एक माराल. ते तोफा चालवतील. मग आपण चालवू. ही शिडी आहे. सर्वांत वरच्या पायरीवर काय ठेवलेले आहे, ते तुम्ही दर मंगळवारी शिकवता. वरून हुकूम आहे, बोलणी होईपर्यंत थांबायचे."

"साहेब, ते पहिली पायरी चढले ते चाललं? पहिला मार आपणच खायचा, अन् उत्तरही द्यायचं नाही?"

साहेबांनी समोरच्या डाव्या बंकरकडं बघितलं. मग म्हणाले, "मलाही तोच माणूस हवा आहे." आणि खाली गेले. त्यांच्या ह्या एका वाक्यासाठी मी त्यांना आजही मानतो. पण त्या दिवशी मला वाक्य नको होतं.

संध्याकाळी पोस्टच्या फोनवरून नांदूरघाटला फोन लावला. शेजारच्यांनी ज्ञानोबाच्या आईला बोलावून आणलं. मी तिला मावशी म्हणतो. खबर तिला आदल्या रात्रीच कळली होती.

ती म्हणाली, "रडू नगंस. कुनी मारला त्ये बगितलंस का?"

"बगितलंय मावशी. वळखतो."

"मंग?"

"त्याला घेतल्याबिगर उरलेल्या दाढीला वस्तरा लावणार न्हाई मी."

"शबुद दे."

"दिला."

तिनं फोन ठेवला. आमच्याकडं लोक नवसाला दाढी राखतात, देवाच्या पायाशी नेऊन उतरवतात. माझा देवाशी काही संबंध नव्हता. रोज सकाळी मी डावी बाजू करायचो, कारण ती त्यानं केली होती आणि तशीच राहावी असं मला वाटायचं. उजवी तशीच ठेवायचो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ह्याचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. पोस्टवर कुणी हसलं नाही.

सुभेदार साहेबांनी दोनदा टोकलं. मेजर साहेबांनी रेडिओवर विचारलं, "तोंडे, मास्क बसतो का?"

"बसतो साहेब."

ही धडधडीत लबाडी होती. पोस्टवर एकच माणूस होता ज्याला पक्कं माहीत होतं की मास्क बसणार नाही. तो मी.

एलएमजी मी माझ्याकडं घेतली. रोज सकाळी आठ ते दहा मी समोरच्या डाव्या बंकरकडं बघत बसायचो. मरून टोपीवाला आठवड्यातून तीन-चारदा दिसायचा. डबा घेऊन झऱ्याकडं जायचा, परत यायचा. कुठल्या दगडापाशी पाय बदलतो, कुठं थांबून बिडी पेटवतो, मला सगळं पाठ झालं होतं. फायर बंदच होता. बोलणी चालूच होती. मी त्याला दिवसातून दहादा मनातल्या मनात मारायचो, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डबा घेऊन यायचा. वीस दिवस असे गेले. भूक लागायची नाही. लागली तरी जेवण कडू लागायचं.

तेविसाव्या दिवशी सकाळी सात पन्नासला बोलणी फिसकटल्याचं आम्हाला समोरूनच कळलं. त्यांच्या मॉर्टरचे, उखळी तोफांचे गोळे यायला लागले. सात बावन्नला रेडिओ बोलला, "ऑल स्टेशन्स, अल्फा. रिटर्न फायर. आउट." मी एलएमजीवर आडवा होतो. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. छाती भरून आनंद झाला.

आमच्या मॉर्टरचा एक गोळा त्यांच्या डाव्या बंकरवर बसला. त्याच वेळी त्यांच्याकडून काही गोळे आले ते फुटताना आवाज बारीक झाला, आणि त्यातून पिवळट पांढरा धूर निघाला. वर जाईना, जमिनीलगत सरपटत यायला लागला. वारा आमच्याकडं होता. पुढच्या मोर्च्यातले दोघे खोकत खोकत ओकायला लागले. संत्र्यानं, म्हणजे पहाऱ्यावरच्या जवानानं, टांगलेल्या रिकाम्या शेलवर दणादण ठोके दिले. "गॅस! गॅस! गॅस!"

नऊ सेकंदांत सगळ्यांचे मास्क चढले. माझाही चढला. आणि दोन श्वासांत माझ्या डोळ्यांतून पाणी, घशात मिरची, छातीत जाळ. उजव्या गालाकडून धूर आत येत होता. मला वाटलं, झालं, गॅसच आहे.

तेवढ्यात धूर मधून फाटला आणि समोर तो दिसला. बंकर पडल्यामुळं उघड्यावर आला होता. टोपी डोक्यावर नव्हती, पण खांदा तोच. वाकून ढिगाऱ्यातून कुणालातरी बाहेर ओढत होता. चारशे वीस मीटर. हलत नव्हता. त्याला बघून मला दया आली नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण नंतर लोक माझ्या तोंडी दया घालतात. मी साइट त्याच्या पाठीवर लावली. बोट ट्रिगरवर होतं.

आणि रेडिओ बोलला. "चार्ली टू, अल्फा. एनबीसी रिपोर्ट. गॅस, येस ऑर नो? ओव्हर."

आता नीट ऐका. गॅस आहे की नाही हे सांगणारा त्या डोंगरावर मी एकटा. आणि गॅस असेल, तर ती चार गोळ्यांची भानगड उरत नाही. मग साहेबांच्या क्लासमधलं ते उत्तर, सोसणार नाही असं, त्याचं दार उघडतं. माझ्या एका शब्दावर दिल्लीत कुणी बटन दाबणार नव्हतं, एवढी अक्कल मला होती. खाली ब्रिगेड होती, तज्ज्ञ होते, दहा जण दहादा तपासणार होते. पण पहिला शब्द माझा होता. आणि त्या क्षणी मला तो एकटा कमी वाटला. त्याची पोस्ट, त्याची पलटण, त्याचं गाव, त्याची माती, सगळं पाहिजे असं वाटलं. एवढा मोठा बदला एका शब्दात मिळत असताना एका माणसावर गोळी कशाला घालवायची? असंच वाटलं मला, ह्याच शब्दांत.

म्हणून मी ट्रिगरवरून हात काढला. रेडिओचा हँडसेट उचलला. "येस" म्हणायला.

बटन दाबलं. दाबून ठेवलं. मास्कच्या काचांतून पोरं माझ्याकडं बघत होती. शेजारच्या मोर्च्यात सहा-सात जण. त्यांना मीच शिकवलं होतं, मंगळवारमागून मंगळवार, की नाक फसवतं, डोळे फसवतात, छाती फसवते. गॅस तपासायचं किट सांगेल ते खरं. आता ती किटकडं बघत होती आणि मग माझ्याकडं. मला देशाचं धोरण आठवलं असा आव मी आणणार नाही. मला त्या पोरांची लाज वाटली.

"अल्फा, चार्ली टू. वेट. आउट."

किट उघडलं. त्याला दोन्ही हात लागतात. तपासणीचा कागद दगडावर ठेवला. नळी लावली, हातपंप मोजून ओढला. पुन्हा दुसरी नळी. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून शेजारच्याला नळी दाखवून खुणेनं विचारलं. रंग बदलला नाही. कागदही तसाच. पुन्हा एकदा केलं. एकंदर आठ मिनिटं गेली.

"अल्फा, चार्ली टू. एनबीसी रिपोर्ट. निगेटिव्ह. नुसता स्मोक आहे. ओव्हर."

"चार्ली टू, आर यू शुअर? ओव्हर."

"शुअर. मास्क काढतोय. ओव्हर."

नियम असा आहे की आधी एकानं मास्क काढायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडं बघत राहायचं. तो पडला नाही तर दुसऱ्यांनी काढायचा. मी काढला. माझ्या बाबतीत त्याला फारसा अर्थ नव्हता. आठ मिनिटं मी तोच धूर ओढत होतो.

मग समोर बघितलं. उघड्यावर कुणी नव्हतं. ढिगारा होता. मरून टोपी एका पोत्यापाशी पडली होती, ती मी दुर्बिणीतून बघितली. मी त्या टोपीवर अख्खी मॅगझिन रिकामी केली. मातीच उडाली. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. मेला की बदलून गेला, माहीत नाही. दहा वाजता दोन्हीकडचा फायर थांबला.

सुभेदार साहेब माझ्याजवळ आले. माझे डोळे बघितले, मास्कच्या आत बोट फिरवून बघितलं.

"हा बसला होता?"

"नाही साहेब."

त्यांनी एक ठेवून दिली. डाव्या गालावर. फौजेत हे चालत नाही, पण दिली आणि मी घेतली. म्हणाले, "गॅस असता तर रिपोर्ट कुणी दिला असता? तुझ्या बापानं? बदला घ्यायचाय ना तुला? मेलेला माणूस बदला घेतो का रे? अकराच्या आत मला ही दाढी दिसता कामा नये."

मी बंकरमध्ये गेलो. कंदील मोठा केला. ज्ञानोबाचा वस्तरा त्याच्या पेटीत होता, घरी पाठवायच्या सामानात. तो काढला. माझा हात त्याच्यासारखा नाही. दोन जागी कापलं.

दोन महिन्यांनी सुट्टी मिळाली. आधी माझ्या गावी गेलो नाही. केजवरून सरळ नांदूरघाटला गेलो. मावशी दारात ज्वारी पाखडत बसली होती. सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. तोंडाकडंच बघितलं. दोन्ही गाल गुळगुळीत.

तिचा चेहरा उजळला. "घेतलास?"

"न्हाई मावशी."

"मंग दाडी कावून काडली?"

मी तिला सगळं सांगितलं. उन्हात बाहेर मीच बोलावलं होतं, तेही सांगितलं. ते तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आरशाचं सांगितलं. तो उघड्यावर आला होता, माझ्या साइटमध्ये होता, आणि मी हात कशासाठी काढला, ते सांगितलं. संपल्यावर बराच वेळ सुपातल्या ज्वारीवरून बोटं फिरवत राहिली.

"मंजे तुला त्यांचं समदं गाव पायजे हुतं," ती म्हणाली.

"तवा तसं वाटलं."

"गाव जाळून मला काय करायचं हाय बाबा? तितं बी ज्वारी पाखडीत आसंल कुनी. मला त्यो एक पायजे हुता. अन् नेमका त्योच तू सोडलास."

मी खोटा रिपोर्ट दिला नाही, ह्यासाठी मेजर साहेबांनी पत्र लिहून माझी पाठ थोपटली. ते पत्र ट्रंकेत आहे. पुन्हा तीच सकाळ आली तर किट आधी उघडीन की गोळी आधी मारीन, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो: गोळी. एकच. त्या एकालाच. मग किट. माझ्या हातात दोन्हीला वेळ होता, तो मी मोठ्या बदल्याच्या हावेपायी घालवला. लोकांनी मला "किती मारले" असं विचारलं की मला ती आठ मिनिटं आठवतात, आणि समोरच्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी उठायला लागलो तशी मावशी म्हणाली, "थांब. कोनत्या बाजूची केलती त्यानं?"

मी डावा गाल दाखवला.

तिनं ज्वारीचा हात लुगड्याला पुसला आणि माझ्या डाव्या गालावर ठेवला. खालून वर, वरून खाली, वस्तरा फिरतो तसा फिरवला. लई येळ.

आता मी दर वर्षी, तो गेला त्या तारखेला नांदूरघाटला जातो. सकाळी ज्ञानोबाच्या वस्तऱ्यानं स्वतः दाढी करून जातो. मावशीला आता नीट दिसत नाही. मी ओट्यावर तिच्यासमोर बसतो, ती हात पुसते, डावा गाल चाचपते आणि म्हणते, "हितं हाय माजं लेकरू."

उजव्या गालाला तिनं आजवर हात लावलेला नाही.